एचओ ट्रॅकचे रंगकाम: सोलापूरकडच्या लाइनचा गंज, ग्रीस आणि धूळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनच्या धर्तीवर एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट बांधला, कोड ८३ चा (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात) हवा तसा वाकवता येणारा फ्लेक्स ट्रॅक टाकला, रुळांवर गंजाच्या रंगाचा तयार स्प्रे मारला आणि क्रशरची कच आणून खडी म्हणून चिकटवली. आता रूळ नारिंगी आणि नकली दिसतात, पॉइंटवर, म्हणजे एका लाइनीतून दुसरी फुटते तिथे, इंजिन अडखळते, आणि वाळल्यावर खडी पांढुरकी पडली आहे. हे दुरुस्त होईल का? आणि अजून टाकायचा आहे त्या ट्रॅकला सुरुवातीपासून काय करावे?

तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, ट्रॅक उखडावा लागणार नाही. मात्र रंगाला हात लावण्याआधी वीज नीट करा, कारण रंग झाल्यावर तेच काम दुप्पट होते. रंगाबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा: खऱ्या लाइनवर एकही डाग विनाकारण पडलेला नसतो. रुळाच्या बाजूवरचा तपकिरी थर जितका गंजाचा, तितकाच ब्रेकमधून झडलेल्या भुकटीचा असतो. स्लीपरवरचा, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीवरचा, काळा ठिपका रूळ धरणाऱ्या क्लिपला लावलेल्या ग्रीसचा असतो आणि खडीवरचा भुरा थर शेजारच्या रानातला असतो. डाग कशामुळे पडला हे कळले की तो कुठे, किती आणि कोणत्या छटेचा हवा हे वेगळे विचारावे लागत नाही.

आधी वीज

रंग केशाकर्षणाने जॉइनरमध्ये, म्हणजे रुळांची टोके जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत, शिरतो आणि दोन रुळांमधला संपर्क तोडतो. पातळ रंग तर हमखास शिरतो. म्हणून जॉइनरवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची फीडर वायर, म्हणजे वीज पोचवणारी तार, द्या. ०.६५ मिमी जाडीची एकेरी तांब्याची तार पुरते, लांबी १५ सेंमीच्या आत ठेवा आणि ती खाली १.५ चौरस मिमीच्या घरगुती वायरीच्या बसला, म्हणजे लेआउटखालच्या मुख्य वीजवाहिनीला, जोडा. तुमचा ट्रॅक रंगवून झाला आहे, तेव्हा रुळाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी तळाशी, ३ मिमी जागा ब्लेडने खरवडून चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि सोल्डरिंगची इस्त्री २ सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. जास्त टेकवली की प्लास्टिकचा स्लीपर वितळतो आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, सुटते. शेजारच्या दोन स्लीपरांवर ओल्या कापसाची घडी ठेवली तर उष्णता तिथेच थांबते. शेवटी फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. तो राहिला तर काही महिन्यांत तिथे हिरवट डाग उगवतो.

इंजिन पॉइंटवर अडखळते याचे कारण बहुधा जिभेच्या पात्यावर, म्हणजे पॉइंटच्या सरकणाऱ्या टोकदार रुळावर, बसलेला रंग. बऱ्याच पॉइंटांमध्ये पात्याला वीज शेजारच्या रुळाला टेकूनच मिळते, आणि तुमचा स्प्रे नेमका त्या टेकण्याच्या जागेवर बसला आहे. ८०० नंबरच्या वॉटर पेपरची ५ मिमी रुंद पट्टी कापा, पाते आणि रूळ यांच्यामध्ये सरकवा, पाते हलके दाबा आणि पट्टी चार-पाच वेळा ओढून घ्या. मग पट्टी उलटी करून दुसरी बाजू घासा. त्यानंतर अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी तशीच फिरवा, म्हणजे घासलेली भुकटी निघून येईल. पाते जिथे फिरते ती खीळही बघा. तिथे रंग गेला असेल तर टोकदार काडीने काढा, घासू नका. कायमचा उपाय म्हणजे पात्यांना खालून वेगळी वायर देणे आणि क्रॉसिंगची (जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाची) वीज पॉइंट मोटरच्या स्विचमधून बदलणे. मग पाते टेको न टेको, इंजिन थांबत नाही.

तपासणी अशी करा. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर दर मीटरभर अंतरावर पाच रुपयांचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवा. सिस्टिमने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. कुठे ती उशिरा तोडते किंवा तोडतच नाही, तिथे आणखी एक फीडर हवा. साधे डीसी असेल तर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने जवळच्या आणि लांबच्या टोकाचा व्होल्टेज मोजा. फरक १ व्होल्टच्या आसपास गेला तर फीडर वाढवा.

नारिंगी का दिसते

नारिंगी हा ताज्या गंजाचा रंग आहे. नवा रूळ पावसात पडला किंवा वापरात नसलेल्या लाइनवर पहिला वळीव आला की तो दिसतो. रोज गाड्या जाणाऱ्या मुंबई–चेन्नई मुख्य मार्गावर रुळाची बाजू गडद तपकिरी असते, सावलीत जवळजवळ काळपट, आणि तिच्यावर मातकट धुळीचा पातळ थर. सोलापूरचे हवामान कोरडे असल्याने कोकणासारखा पापुद्रे सुटणारा गंज इथे क्वचित दिसतो. हे बघायला स्थानकाचा पादचारी पूल आणि फलाटाचे टोक पुरेसे आहे. रुळांवर उतरू नका, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. दुपारी बाराच्या उन्हात रंग फिके दिसतात, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर पाहा. आणि रंगाची छटा ठरवताना लेआउटवर जो दिवा लावणार त्याच दिव्याखाली ठरवा. पिवळसर एलईडीखाली प्रत्येक तपकिरी रंग नारिंगीकडे झुकतो, तुमच्याकडे तेही झाले असण्याची शक्यता आहे. ४००० ते ५००० केल्विनचा पांढरा दिवा बरा.

तुमचा नारिंगी थर उतरवायची गरज नाही, तो पक्का बसला आहे का एवढे बघा. मास्किंग टेपचा तुकडा रुळाच्या बाजूला दाबून झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला नाही तर त्यावरच काम करा. आला तर जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने तेवढा भाग साफ करून आधी प्रायमर द्या, कारण नुसता ॲक्रिलिक रंग रुळाच्या निकेल-सिल्व्हर धातूवर धरत नाही, नखानेही निघतो.

चित्रकलेच्या साध्या ॲक्रिलिक ट्यूबांमधून सगळे रंग बनतात. मुख्य लाइनसाठी बर्न्ट अंबर ६ भाग, काळा १, यलो ऑकर १. लूप लाइनसाठी (मुख्य लाइनला समांतर, गाडी बाजूला थांबवायची लाइन) बर्न्ट अंबर ४, बर्न्ट सिएना २. कमी वापराच्या साइडिंगला (वॅगन उभे करायच्या बाजूच्या लाइनला) बर्न्ट सिएना ३, बर्न्ट अंबर २, यलो ऑकर १. नुकताच बदललेला रूळ दाखवायचा असेल तर पेन्स ग्रेमध्ये थोडा अंबर, म्हणजे कारखान्यातून आलेल्या रुळावरची निळसर करडी खपली दिसते. पहिली तीन मिश्रणे शेजारी ठेवली की फरक थोडाच दिसतो. लेआउटवर मात्र तेवढ्यानेच मुख्य लाइन, लूप आणि साइडिंग नजरेला आपसूक वेगळ्या कळतात.

रूळ दोन्ही बाजूंनी रंगवा. पुष्कळ जण फक्त बघणाऱ्याच्या बाजूने रंगवतात आणि वळणावर आतली चांदी चमकते. ब्रशने करत असाल तर २ नंबरचा चपटा ब्रश घ्या, रंग दुधाइतका पातळ करा आणि ब्रश रुळाच्या लांबीने ओढा. आडवे फटकारे मारले तर क्लिपांच्या मागे रंग साचून गोळे होतात. एअरब्रश असेल तर ०.३ मिमी नोझल, १ ते १.२ बार दाब, ८ ते १० सेंमी अंतर, आणि फवारा बाजूने, बराच खालच्या कोनातून. ट्यूबमधला रंग एअरब्रशमध्ये घालण्याआधी नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या, त्याचे कण नोझल तुंबवतात. एका मीटरला पातळ केलेला ५-६ मिलि रंग लागतो.

रंग बोटाला चिकटत नाही पण अजून कडक झालेला नाही, अशा वेळी रुळाचा माथा पुसायचा. ब्रशने दिलेल्या थराला साधारण १० ते १५ मिनिटे, मे महिन्यात ५. लाकडी ठोकळ्याला सुती कापड घट्ट गुंडाळा, थिनरने किंचित ओले करा आणि रुळावर सपाट ओढा. कापड सैल असेल तर ते खाली वाकून बाजूचाही रंग नेते. माथ्याबरोबर आतला वरचा कोपराही पुसला गेला पाहिजे. चाकाची कडा तिथे टेकते आणि वीजही तिथून घेते. वाळलेला रंग काढायला जाड सँडपेपर वापरू नका, त्याचे चरे पुढे मळ धरून ठेवतात.

पुढचा ट्रॅक: कोणता रंग आधी

आता होटगीसारखी लाइन दाखवायची तर स्लीपर सिमेंटचे हवेत. बाजारात मिळणारा बहुतेक एचओ ट्रॅक लाकडी स्लीपरचा असतो, त्यावर लाकडाच्या रेषा कोरलेल्या असतात. त्याला करडा रंग दिला तर ते करडे लाकूडच दिसते. पेकोसारख्या कंपन्यांचा सिमेंट स्लीपरचा फ्लेक्स ट्रॅक मिळतो, तो घ्या. लाकडीच वापरायचा झाला तर पुढच्या दोन मीटरवर सिमेंटचा आणि मागच्या भागात लाकडी, असे तरी करा.

आकाराचे थोडे बोलतो, कारण याने रंगाइतकाच फरक पडतो. ६० किलोचा (मीटरला तेवढ्या वजनाचा) रूळ १७२ मिमी उंच असतो, १:८७ ला तो २ मिमी होतो. तुमचा कोड ८३ चा रूळ २.१ मिमी, म्हणजे अगदी जवळ. ५२ किलोच्या रुळासाठी कोड ७० योग्य, लूप आणि साइडिंगला तो शोभतो. स्लीपर किलोमीटरला १६६० धरले तर एचओमध्ये दोन स्लीपरांच्या मध्यांतले अंतर ६.९ मिमी येते. परदेशी ट्रॅकचे स्लीपर यापेक्षा बरेचदा दाट असतात. खालच्या जोडपट्ट्या कापून ते थोडे विरळ केले की ट्रॅक लगेच आपल्याकडचा वाटू लागतो. गेज १६.५ मिमीच राहणार. आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १:८७ ला १९.३ मिमी होतो, ती तफावत रंगाने झाकली जात नाही आणि तिच्या मागे लागू नये.

ट्रॅक टाकण्याआधी भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचे तेल निघते. वाळला की करड्या प्रायमरचे दोन हलके फवारे २५-३० सेंमीवरून द्या. स्प्रे प्रायमरमधला सॉल्व्हंट काही प्लास्टिकना चाटतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवून बघा. पॉइंटवर फवारताना पाते आणि रूळ यांच्यामध्ये कागदाची पट्टी घाला, पाते दुसरीकडे फिरवून परत तसेच करा. खीळ आणि ओढकाडीचे भोक टेपने झाका.

सिमेंट स्लीपर असेल तर आधी सगळा ट्रॅक स्लीपरच्या रंगाने रंगवा आणि रुळाचा तपकिरी नंतर बाजूने फवारा. त्या फवाऱ्यातला थोडा रंग रुळालगत स्लीपरवर उडतो, आणि तो तसाच उडालेला हवा असतो, कारण खऱ्या लाइनवर ब्रेकची भुकटी तिथेच साठते. लाकडी स्लीपरला उलट क्रम: आधी सगळे तपकिरी, मग स्लीपरचा माथा कोरड्या ब्रशने.

स्लीपरचा मूळ रंग: पांढरा ६, काळा १, यलो ऑकर १, रॉ अंबर १. नुसता काळा आणि पांढरा मिसळला तर निळसर, थंड करडा होतो, तो सिमेंटच्या नव्या पत्र्यावर दिसतो, उन्हात वर्षानुवर्षे पडलेल्या स्लीपरवर नाही. दहा-बारा स्लीपरांमागे एखादा किंचित उजळ ठेवा, बदललेला असतो तसा. त्याहून जास्त भेद करू नका. लाकडी स्लीपर एकेक वेगळा दिसतो, सिमेंटचे बहुतेक सारखेच असतात.

मग रूळ बसतो ती जागा. सिमेंट स्लीपरला रूळ धरून ठेवणाऱ्या लवचीक क्लिपा असतात आणि त्यांना वेळोवेळी ग्रॅफाइटचे ग्रीस लावतात. जवळून पाहिले तर क्लिप काळपट तपकिरी, तिच्या बुडाशी ग्रीसचा ओलसर काळा ठिपका, आणि त्याच्या कडेला धूळ चिकटून झालेली मळकट, निस्तेज किनार. पावसाचे पाणी गंज घेऊन क्लिपेपासून स्लीपरच्या टोकाकडे वाहते, त्याचा ओघळ हातभरही लांब नसतो. एचओमध्ये हे सगळे दीड-दोन मिमीत बसवायचे आहे. बर्न्ट अंबर १ भाग, पाणी १५ भाग आणि लिक्विड सोपचा एक थेंब असा वॉश करा, ००० नंबरच्या ब्रशने प्रत्येक क्लिपेपाशी टेकवा, तो स्वतः पसरतो. वाळल्यावर काही क्लिपांच्या बुडाशी काळ्या-तपकिरीचा एक सूक्ष्म ठिपका. सगळ्या क्लिपांना नको. पुढच्या ६०-७० सेंमीतच हे कष्ट घ्या, मागे वॉश एकटा पुरतो.

खडी

पांढुरकेपणाची कारणे तीन: बोअरचे जड पाणी, न धुतलेली कच आणि फार दाट फेविकॉल. सोलापुरात बोअरच्या पाण्याने गोंद पातळ केला की पाणी उडते आणि क्षार खडीवर राहतात. यापुढे आरओचे किंवा बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी वापरा. झालेल्या खडीवर डिस्टिल्ड पाणी आणि अल्कोहोल समप्रमाणात फवारून ओले करा, पाच मिनिटांनी टिश्यू पेपर टेकवून टिपून घ्या, हे दोनदा करा. उरलेली छटा काळा आणि रॉ अंबरच्या २० पट पातळ वॉशने मरते. त्यावर पुन्हा गोंद मात्र ओतू नका, थर चमकू लागतो.

कच वापरलीत हे चांगले, कारण आपल्याकडची खडी काळ्या बसाल्टचीच असते आणि दाण्याच्या कडा तशाच तुटक दिसतात. खरी खडी ६५ मिमीपासून २० मिमीपर्यंत, म्हणजे एचओमध्ये ०.७५ ते ०.२५ मिमी. चहाच्या गाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तो दाणा घ्या. बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. आता महत्त्वाचे: बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, शिवाय क्रशरच्या लोखंडाची झीजही कचीत उतरते. हे कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतात, गिअरमध्ये जातात आणि मोटर जाळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमदार चुंबक घालून कच पातळ पसरून त्यावर फिरवा, चिकटलेले फेकत जा. चार-पाच वेळा फिरवूनही चुंबक दाणे उचलतच राहिला तर ती कच गाडीखाली वापरू नका. चिकटवून झालेल्या खडीवरही चुंबक फिरवून पाहा. सैल कण येतील ते काढा आणि बाकीची खडी गोंदाने पक्की आहे ना याची खात्री करा. पर्याय म्हणून जाड दाण्याची दगडी रांगोळी चाळून काळ्या-अंबर रंगात भिजवून वाळवता येते. तीही आधी चुंबकाने तपासा. ती ओरखडली तर आतून पांढरी दिसते, तेवढा दोष आहे. वुडलँड सीनिक्सची तयार खडी अक्रोडाच्या कवचाची असते. तिला चुंबकाचा त्रास नाही, पण ती हलकी असल्याने गोंद ओतताना तरंगते.

एका मीटरला साधारण १२० मिलि खडी लागते. खडीखाली ३ मिमीचा कॉर्क ठेवा, तो खऱ्या २५०-३०० मिमी थराच्या जवळ जातो. स्लीपरच्या टोकापलीकडे सपाट खांदा ३५० मिमी, म्हणजे ४ मिमी, आणि मग दीडास एक उतार. खडी स्लीपरच्या माथ्याशी समतल हवी, माथ्यावर एकही दाणा नको. मऊ ब्रशने बसवा, अल्कोहोल फवारून ओली करा आणि फेविकॉल १ भाग, पाणी ३ भाग, सोप दोन थेंब असे ५० ते ६० मिलि ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या पात्यांखाली खडी अगदी कमी घाला आणि गोंद वाळेपर्यंत पाते दर अर्ध्या तासाने हलवत राहा.

अस्सल काळ्या दगडाचा रंग घरातल्या उजेडात फार गडद वाटतो. धुळीचा थर दिल्यावर तो बरोबर जागी येतो, म्हणून आधीच फिकी खडी शोधू नका.

धूळ, माती आणि भुकटी

सोलापूरच्या लाइनवर लाल धूळ दिसली की बघणाऱ्याला खटकते. इथली जमीन काळी. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ करडी-भुरी असते. तांबूस छटा येते ती लाइनच्या कडेला टाकलेल्या मुरमाची. म्हणजे खडीच्या उतारापलीकडची पायवाटेची पट्टी मुरमाची, तांबूस, आणि रुळांमधली धूळ भुरी. हा एक फरक नीट साधला तर लेआउट कुठला आहे हे पाटी न वाचता कळते.

धुळीसाठी मुलतानी माती ६ भाग, कोळशाची वस्त्रगाळ पूड १, आणि हार्डवेअरच्या दुकानात फरशीसाठी मिळणारा यलो ऑक्साइड अर्धा भाग. सोलापुरातली नवी पेठ असो की घराजवळचे कोणतेही दुकान, लाल आणि पिवळा ऑक्साइड छोट्या पुड्यांत मिळतो. तो फार तीव्र असतो, चिमटीनेच घ्या. ब्लॅक ऑक्साइड मात्र घेऊ नका. तो मॅग्नेटाइटच असतो, चुंबकाला चिकटतो, आणि खडीतून जे काढले तेच परत घातल्यासारखे होईल. ग्रॅफाइटची पूडही नको, ती वीज वाहते आणि पॉइंटच्या इन्सुलेटेड फटीत बसून शॉर्ट करते.

शेतातली खरी काळी माती चाळून वापरायचा मोह होतो. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, त्यामुळे गोंदाबरोबर ओली लावली तर भेगा पडतात. भेगाळलेले रान दाखवायचे असेल तर हाच गुण कामाला येतो, पण ट्रॅकवर ती फक्त कोरडी भुरभुरवा, आणि तीही चुंबकाने तपासून. मुरूम चाळून गोंदाने लावता येतो, तो चांगला बसतो.

पूड मऊ ब्रशने रुळाच्या लांबीने पसरवा, गाडीचा वारा तिला तसाच ओढतो. नंतर मॅट वार्निशचा धुक्यासारखा फवारा लांबून द्या. फवारा बसताच निम्मी धूळ दिसेनाशी होते. घाबरू नका, दुसरा हात द्या. वार्निश माथ्यावर बसणार, तो ठोकळ्याने लगेच पुसा.

कुठे काय जास्त, ते गाड्यांच्या वागण्यावरून ठरवा. फलाटापाशी आणि होम सिग्नलच्या (स्थानकात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या) अलीकडे गाड्या ब्रेक लावतात, तिथे रूळ, क्लिपा आणि लगतची खडी तपकिरी भुकटीने एकसारखी दिसते. मध्ये मोकळ्या लाइनवर करडेपणा जास्त. नुकतीच मशीनने चाळलेली खडी दाखवायची तर २०-३० सेंमीचा पट्टा बिनधुळीचा ठेवा, त्याची कड स्पष्ट हवी. फलाटाच्या लाइनवर खडीऐवजी सिमेंटचा धुता येणारा ॲप्रन असेल तर मधल्या पन्हळीत काळपट-हिरवट ओल दाखवा. होटगीजवळच्या औष्णिक प्रकल्पाच्या कोळशाची साइडिंग करणार असाल तर कोळशाची पूड रुळांच्या मध्ये आणि खांद्यावर, आणि जिथे वॅगन थांबतात, झटके खातात तिथे अधिक. सिमेंटच्या साइडिंगवर करडी पूड पाणी लागून खपलीसारखी घट्ट होते, म्हणून तिथे पूड कोरडी नको, पातळ गोंदात कालवून थापा.

पॉइंटवर मात्र थोडा वेळ काढा. जिभेचे पाते ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांना वंगण लावलेले असते. पात्याखाली काळी, तुकतुकीत पट्टी, दोन्ही कडांना धूळ चिकटून झालेली निस्तेज किनार, आणि पाते जेवढे सरकते तेवढ्याच रुंदीत घासून उघडी पडलेली धातूची रेघ. काळ्या-अंबर मिश्रणात ग्लॉस वार्निशचा एक थेंब घालून ते स्लीपरच्या माथ्यावर लावा. पात्याच्या टेकण्याच्या बाजूला लागू देऊ नका. सगळा ट्रॅक मॅट आणि एवढाच भाग तुकतुकीत, यामुळे पॉइंट वापरातला वाटतो.

वापरातून गेलेल्या साइडिंगचा रूळ माथ्यासह गंजलेला दाखवायचा असेल तर तो तुकडा वीजपुरवठ्यातूनच कापा. तिथे मोडका वॅगन उभा करा, इंजिन पाठवू नका.

कोपऱ्यात जागा उरली तर कुर्डुवाडीची जुनी बार्शी लाइट रेल्वे करण्यासारखी आहे. १८९७ मध्ये सुरू झालेला हा ७६२ मिमीचा नॅरोगेज १:८७ ला ८.८ मिमी होतो, म्हणजे ९ मिमीचा एन गेज ट्रॅक चालतो. स्लीपर मात्र फार बारीक आणि दाट असतात. ते एक सोडून एक काढा आणि बाकीचे मातीत जवळजवळ बुडवा. इथे खडी कमी, माती आणि वाफेच्या इंजिनांची राख जास्त, मध्ये वाळलेले गवत. रूळ मुख्य लाइनपेक्षा तांबूस ठेवा, ब्रेकची भुकटी नगण्य.

ऊन आणि पाऊस

मार्च ते मे दुपारी स्प्रे मारू नका. चाळीस अंशांच्या वर रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर खरखरीत दाणे बसतात. सकाळी नऊच्या आत काम उरका आणि ॲक्रिलिकमध्ये १० मिलिला ग्लिसरीनचे दोन थेंब घाला, जास्त घातले तर रंग चिकट राहतो. स्प्रेचे डबे गच्चीवर उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरचा थर पांढरा पडतो, त्या दिवशी ब्रशचे काम करा. सॉल्व्हंट असलेल्या स्प्रेला कार्बन फिल्टरचा मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

रूळ मीटरमागे २५ अंश फरकाला साधारण ०.४ मिमी वाढतो. म्हणून थंडीत ट्रॅक टाकला असेल तर दर मीटरला अर्धा मिमी फट ठेवा आणि ती रंगाने किंवा गोंदाने भरू देऊ नका. भरली तर मे महिन्यात रूळ बाजूला फुगतो आणि चिकटवलेली खडी तडकते.

सगळे वाळल्यावर, म्हणजे निदान २४ तासांनी, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ कापड बांधून सैल खडी ओढून घ्या, माथे अल्कोहोलने पुसा आणि एकच जुने इंजिन अर्धा तास फिरवा. मग ते उलटे करून चाके बघा. चाकाच्या आतल्या कडेवर तपकिरी रेघ उमटली असेल तर रंग रुळाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर राहिला आहे. तेवढाच कोपरा ठोकळा तिरका धरून पुसा, चाके साफ करा आणि इंजिन पुन्हा फिरवा. चाके स्वच्छ आली की मग बाकीची इंजिने रुळांवर घ्या.